भाड्याचे शिपाई

नाताळच्या दुसऱ्या दिवशी माझा मुलगा ट्रेंटनच्या रस्त्यावर मरून पडला आणि मी दोरी ओलांडून धावत सुटले. नवऱ्याने जॅकेट धरून मागे ओढलं. म्हणाला, अगं, नाटक आहे ते. आजूबाजूचे लोक हसले. पोराने पडल्या पडल्या एक डोळा मिचकावला. इराकच्या बातम्या बघून बघून मी त्या दिवसांत कुकरच्या शिट्टीलाही दचकत होते.

तिथे दर वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या एका जुन्या लढाईचा प्रयोग होतो. आमचे चिरंजीव त्यात जर्मन शिपाई. या शिपायांना त्यांच्याच राजाने पैसे घेऊन इंग्रजांना भाड्याने दिलं होतं, इथलं बंड मोडायला. कोण कुठली पोरं, कुणाच्या भांडणात मेली!

परतताना गाडीत त्याने मेथीचे पराठे खाल्ले आणि शांतपणे सांगितलं, की तो सैन्यात भरती झालाय आणि पुढच्या महिन्यात ट्रेनिंगला निघतोय.

नवऱ्याने गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि उतरून थंडीत उभा राहिला. मला एकदम तो शनिवार आठवला. परीक्षेला निघताना पोराने हात पुढे केला होता आणि मी नेहमीसारखं तळहातावर दही-साखर घातलं होतं. मला वाटलं, कॉलेजची परीक्षा. ती सैन्याची होती. माझं दही घेऊन गेला आणि पास होऊन आला.

काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "त्या जर्मन पोरांचं पुढे काय झालं?"

"बरेच मेले. काही परत गेले. काहींनी डेझर्ट केलं, आई. पळाले, इथेच सेटल झाले. लग्नं, फार्म, सगळं."

"मग तूही पळ."

मी थट्टा करत नव्हते, हे त्याला कळलं. मागच्या सीटवरून वाकून त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"त्यांना त्यांच्या राजाने विकलं होतं. मला कोणी फोर्स नाही केलं. आय वॉन्ट टू गो."

मला त्याचीच तर भीती वाटली. त्या पोरांच्या आयांना शिव्याशाप द्यायला निदान एक राजा तरी होता.