डी बटणाला अनुमोदक

यशोधरा भिंगारदिवे आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटरवर बसायची. कारखाना नेवासा तालुक्यातला. नाव सांगत नाही, कारण तेव्हाचे काही संचालक अजून हयात आहेत आणि त्यांचा राग त्यांच्याहून तरतरीत आहे. मी शेतकी खात्यात कारकून, माझं टेबल तिच्या शेजारी. बाई बारीक अंगाची, बोलायला तिखट. साहेब लोकांशी बोलताना इतकी अदबीनं बोलायची की आपला अपमान झालाय हे साहेबांना घरी जाऊन जेवताना कळायचं.

तिची आई भागिरथीबाई. सगळा जन्म दुसऱ्यांचा ऊस तोडण्यात गेला. नवरा गेल्यावर तिनं कशीबशी थोडी जमीन केली आणि स्वतःचा ऊस लावला. लागण सगळ्यांच्या आधी, नोंद सगळ्यांच्या आधी, आणि तोड मात्र मे महिन्यात. मधल्या मधे वजनदार माणसांचे ऊस पुढं घुसले. उसाला तुरे आले, आतून पोकळ झाला आणि काट्यावर वैरणीसारखा उतरला. असं लागोपाठ दोन हंगाम झालं. बाईनं कोणाला शिवी दिली नाही. मला हे अजून सहन होत नाही, मी दिल्या असत्या.

मग कारखान्यात कॉम्प्युटर आला. नगरला जाऊन शिकून आलेली पहिली मुलगी म्हणून यशोधराला घेतलं. तिनं सगळी ऊसनोंद मशिनात भरली, लागणीच्या तारखेप्रमाणं. आधी लागण त्याची आधी तोड. पूर्वी ओळींच्या मधे पेनानं बारीक अक्षरात एखादं नाव घुसवता यायचं, ते बंद झालं. अठ्ठ्याण्णव सालच्या हंगामाच्या यादीत भागिरथीबाईचं नाव आमचे व्हाईस चेअरमन राधाकृष्ण तात्या यांच्या बरंच वर लागलं. तात्यांना ही गोष्ट जेवण जाऊ देत नव्हती.

आणि दसऱ्याच्या सुमारास कॉम्प्युटर बंद पडला. निळा पडदा, पांढरी अक्षरं, पुढं काही नाही. नगरहून नितीन नावाचा इंजिनीअर आला. त्यानं पाहून सांगितलं, "विंडोज गेलंय. परत टाकावं लागेल."

"आणि नोंद?" यशोधरानं विचारलं.

नोंदीचं असं होतं. विंडोज एका लहान डिस्कवर होतं. नोंद बाकीच्या दोन मोठ्या डिस्कवर, दोन्ही जोडून एक केलेल्या. अर्धी ओळ हिच्यावर, अर्धी तिच्यावर. एक पुसली तर दुसरी असून नसल्यासारखी. ही जोडी विंडोजनंच बांधलेली, त्यामुळं विंडोज नवं टाकलं की त्याला जुनी जोडी ओळखीची राहत नाही. यशोधरानं मात्र जोडणीची खूण एका फ्लॉपीवर आधीच घेऊन ठेवली होती. नितीन म्हणाला, "मग काळजी नाही. टाकताना त्या दोघींना हात लावायचा नाही, नंतर फ्लॉपी दाखवायची." नोंदीची दुसरी प्रत नव्हती. प्रत घेण्याचं मशीन तिनं मागितलं होतं, तो ठराव दोन वर्षं उपसमितीत झोपला होता.

एवढ्यावर काम झालं असतं. पण आमच्याकडं नवी मोरी बांधली तरी नारळ फुटतो. चेअरमन काकासाहेबांच्या कानावर 'नवं विंडोज बसवणार' एवढंच गेलं आणि त्यांनी समारंभ ठरवला. मंडळाची बैठक बसली. नितीननं भोळेपणानं सांगितलं की टाकताना मधे मधे एंटर दाबावं लागतं. झालं. एकेका संचालकाला एकेक एंटर, असा मान वाटून निघाला.

तात्या फुरंगटले. "चेअरमनला एंटर आन् मलाबी एंटर? मंग फरक काय ऱ्हायला? दुसरं बटन न्हाई का?"

"डी आहे," नितीन म्हणाला, "पण ते दाबायचं नसतं. त्यानं डिस्कवरचा भाग पुसला जातो."

"जे कुनी दाबत न्हाई, तेच माझं."

यशोधरा उभी राहून म्हणाली, "तात्या, त्यानं नोंद जाईल."

यावर काकासाहेबांनी तोडगा काढला. "मान दिला म्हंजी दिला. दाबू द्या त्यान्ला, मंग तुमी माघारी घ्या."

पुसलेलं माघारी घेता येत नाही हे नितीननं समजावल्यावर शेवटी असं ठरलं की जुनं विंडोज ज्या लहान डिस्कवर आहे तेवढ्यापुरतं तात्यांनी डी दाबावं, ते तसंही काढायचंच आहे. हे इतिवृत्तात आलं. यशोधराला रात्रभर झोप लागली नाही, असं तिनं मला सकाळी सांगितलं. तात्यांना ती ओळखून होती.

समारंभाला मांडव होता, लाऊडस्पीकर होता. मॉनिटरला हार घातला, कीबोर्डला कुंकू लावलं. नारळ मशिनाजवळ फोडायचा हट्ट होता, तो तिनं अदबीनं दारापर्यंत नेला. कोणतं बटण कधी हे तिलाच ठाऊक, म्हणून सूत्रसंचालन तिच्याकडं. ती माईकवर नाव पुकारी, संचालक येई, टोपी सारखी करी, एंटर दाबी, टाळ्या. बजरंग पाटलांनी फोटोसाठी एंटर इतका वेळ दाबून धरला की पुढच्या तिघांचे पडदे निघून गेले. ते तिघं रुसले. नितीननं मशीन बंद करून पहिल्यापासून सुरुवात केली आणि पाटलांचा पुन्हा सत्कार करावा लागला.

मग डिस्कांची यादी आली. यशोधरानं निवडीची पट्टी लहान डिस्कवर आणून ठेवली आणि तात्यांचं नाव पुकारलं. तात्या आले. पडद्याकडं पाहिलं. "ही तर लहान हाय. चेअरमनच्या गावात आमी लहान का?" आणि बाण दाबत पट्टी सगळ्यात मोठ्या आकड्यावर नेली. तो आकडा जोडीतल्या एका डिस्कचा होता. त्यांना ते माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही, आदल्या दिवशी ते नितीनला खोदून खोदून विचारत होते. त्यांनी डी दाबलं.

टाळ्या पडल्या. पडद्यावर प्रश्न आला: खरंच पुसायचं असेल तर एल दाबा, नको असेल तर एस्केप. तात्या एल शोधू लागले.

यशोधराच्या हातात माईक होता. आवाज जरासुद्धा न हलवता ती म्हणाली, "मोठी डिस्क पुसण्याची सूचना माननीय राधाकृष्ण तात्यांनी मांडली आहे. सूचनेला अनुमोदन लागतं. एल बटण अनुमोदकानं दाबायचं आहे. अनुमोदक कोण?"

तात्यांचं बोट हवेत थांबलं. सूचक आणि अनुमोदक एकच माणूस कसा असेल? इतकी वर्षं ठराव मांडून त्यांच्या हाडात नियम मुरलेला. त्यांनी संचालकांकडं पाहिलं. चेअरमन गटाचे लोक मांडवाच्या कापडाचं शिवणकाम तपासू लागले. तात्यांच्या गटात दोघं होते. त्यातले एक त्या तिघा रुसलेल्यांपैकी, आणि दुसरे बजरंग पाटील, त्यांना दोन सत्कारांनंतर तिसऱ्यांदा उठणं बरं दिसेना.

"अनुमोदक कोण?" तिनं पुन्हा विचारलं.

तात्यांनी टोपी काढून झटकली आणि पुन्हा घातली.

"अनुमोदकाअभावी सूचना बारगळली," असं म्हणून तिनं एस्केप दाबलं. माझ्या आठवणीत आमच्या कारखान्यात बारगळलेली ही पहिली सूचना. पट्टी वर नेऊन तिनं लहान डिस्क तात्यांपुढं ठेवली, तात्यांनी तिच्यावर डी दाबलं, हार घेतला आणि जेवायला न थांबता निघून गेले. संध्याकाळपर्यंत विंडोज बसलं, फ्लॉपी दाखवली, जोडी पुन्हा एक झाली. नोंद जशीच्या तशी निघाली.

चेअरमनना मी नंतर म्हटलं, "साहेब, गरिबांची यादी वाचवलीत." ते म्हणाले, "यादीचं मला काय? तात्याच्या मागं हात वर करायचा न्हवता."

डिसेंबरात भागिरथीबाईच्या उसाला तोडणीची टोळी आली. ऊस हिरवागार, रसानं भरलेला. आम्ही दोघं शेतावर गेलो होतो. बाईनं लेकीकडून समारंभाची हकिगत पुन्हा एकदा ऐकून घेतली, हसली नाही.

"म्हंजी त्यांचं आपसात पटत न्हाई म्हून आपला ऊस वेळेला गेला?"

"व्हय."

"आन् पुढल्या वर्सी त्यांचं पटलं तर?"

यशोधरानं किटलीतला चहा कपात ओतला. म्हणाली, "चहा पिऊन घे आई, गाडी भरत आली."