गोदाबाईंची फुलांची दरी

ओवे गावच्या गोदाबाई चार वेळा हिमालयात जाऊन आल्या होत्या, आणि फूल म्हणाल तर एकही पाहिलं नव्हतं! पनवेलच्या कमळाकर सहलवाल्याची मंडळी फुलांच्या दरीत भटकत, तेव्हा त्यांची ही स्वयंपाकीण पायथ्याच्या गावात स्टोव्हला पंप मारत बसलेली असे. दुपारी दोनला मंडळी परतली की वाफाळता वरणभात ताटात पडलाच पाहिजे; कमळाकरने पत्रकातच तसं छापलं होतं. घरी लेक स्नेहा विचारायची, "आये, फुलं कशी व्हती?" मग पाहुण्यांच्या तोंडून ऐकलेलं गोदाबाई तिखटमीठ लावून सांगत. थापा मारून मारून जीव विटला होता त्यांचा.

चौऱ्याण्णवच्या ऑगस्टात त्यांनी बेत केला. पहाटे उठून दुधात कणीक भिजवली, ढीगभर दशम्या भाजल्या, शेंगदाण्याची चटणी घालून ज्याची त्याची शिदोरी बांधली. स्टोव्ह आवरून ठेवला आणि पदर खोचून मंडळींच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

कमळाकरचा पारा चढला. "अहो, लोकांना गरम जेवण कबूल केलंय मी! अब्रू घालवता काय माझी?"

"शेट, चार वर्सं भात शिजवला. आज मला फुलं बघायची हायेत. नायतर पुढल्या साली दुसरी बाई बघा."

आता आली का पंचाईत! असल्या थंडीत असा स्वयंपाक करणारी दुसरी आणायची कुठून?

बँकेतल्या कुमुदताई दरवर्षी सहलीला यायच्या. त्या पुढे झाल्या. "म्हणजे तुम्ही पाहिलीच नाहीत? आणि मी मेली तुमच्या हातचा भात खात तुम्हालाच वर्णनं सांगत बसायची!" त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "कमळाकर, आम्हाला दशम्याच हव्यात. चला."

चढ संपला आणि दरी उघडली. कुमुदताईंनी हौसेने एकेक फूल दाखवलं. ही निळी पॉपी बघा, ही पिवळी बघा! गोदाबाई लहान पोरीसारख्या हसत होत्या. एवढ्यात ओढ्याकाठी वळण आलं. पलीकडचा अख्खा उतार गुलाबी झाला होता. गोदाबाई थबकल्या. चपला काढल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"अहो, तो नुसता तेरडा आहे," कुमुदताई म्हणाल्या. "माजलाय नुसता दरीभर."

"नुसता?" गोदाबाईंचे डोळे भरून आले होते. "भादव्यात आमी हाच तेरडा गानी म्हनत घरी आनतो, लुगडं नेसवतो, गौर म्हनून पाटावर बसवतो. एका जुडीसाठी रान तुडवाया लागतं. आन् हितं गौरीचं आख्खं गाव वसलंय! ताई, चार वर्सं तुमी मला निली फुलं सांगितलीत, पिवली सांगितलीत. गौर हितं उभी हाय, ते नाय सांगितलं कुनी?"

 कुमुदताई खाली बसल्या आणि बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.