गच्चीवरची ऐकणारी पेटी

चौदा डिसेंबर, रविवार. ठरलेली रक्कम महिना बाराशे रुपये, आमच्या गच्चीचं भाडं. हजर होतो मी, माझी बायको, तिचा धाकटा भाऊ आणि मागच्या गल्लीतला साऊंडवाला.

साऊंडवाल्याला मीच बोलावलं होतं. मेव्हणा शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात एका प्रकल्पावर आहे. टीव्हीच्या ज्या लहरी आमच्या भागात आता कुणी वापरत नाही, त्यांवरून गावातल्या शाळेला इंटरनेट द्यायचं, अशी त्याची चाचणी, आणि त्यासाठीची पेटी तो आमच्या गच्चीवर बसवणार होता. पण बिनवायरचे माईकही त्याच लहरींवर चालतात, हे मी वाचलं होतं. आणि चारठाणा ते जिंतूर पट्ट्यातल्या सप्त्यांवर, लग्नांवर साऊंडवाल्याचं घर चालतं.

मेव्हण्याने समजावलं. पेटी आधी ऐकते. मधूनमधून स्वतः गप्प बसते आणि त्या लहरीवर कुणाचा आवाज असेल तर दुसरी रिकामी लहर धरते. गप्प बसली की तिचा हिरवा दिवा विझतो. मी म्हटलं, दाखव. साऊंडवाल्याने घरून कॉलर माईक आणला आणि अंगणात उभा राहून 'हॅलो, चेक' म्हणाला. पेटीने लहर बदलली. मी दहादा करायला लावलं, दहाही वेळा बदलली.

तरी तो मला म्हणाला, "भाऊ, मला त्यातलं काय कळंना. तुमी म्हणायलाव म्हणून हो."

दोन महिने तक्रार नव्हती. एवढंच, की पेटी गप्प बसली की शाळेतल्या पडद्यावरचं चित्र क्षणभर अडकायचं.

फेब्रुवारीत सप्ताह बसला. काल्याच्या दिवशी मेव्हणा कॉलेजचे दोन पाहुणे घेऊन आला. त्यांना शाळेत पडद्यासमोर बसवून तो मंडपात माझ्याशेजारी येऊन बसला. कीर्तन रंगात आलं आणि महाराजांच्या कॉलर माईकमधून खरखर सुरू झाली. मग आवाजच गेला. साऊंडवाल्याने सेल बदलले, माईक बदलला, शेवटी वायरचा माईक पुढे केला. महाराज म्हणाले, "हे सामान भंगारात घाला." लोक हसले. मेव्हणाही हसला.

साऊंडवाला माझ्याजवळ वाकला. "भाऊ, पेटी चालू हाय का?"

चालू आहे, पण ती ऐकते, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं. मला पटेना, म्हणून उठून घरी गेलो. गच्चीवर हिरवा दिवा सलग जळत होता. बराच वेळ बघितलं, एकदाही विझला नाही. मी प्लग काढला.

शाळेतून फोन गेला असावा, मेव्हणा धावतच वर आला.

"दाजी, बंद का केलं?"

"तू ऐकणं कधी बंद केलंस?"

"परवा. पाहुण्यांसमोर चित्र अडकलं असतं. उद्या परत लावणारच होतो."

"आज काला आहे, हे तुला माहीत होतं. मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

हे तो अगदी अदबीने म्हणाला.

मी म्हटलं, मंडपात चल आणि माईक चांगला होता एवढं सांग. पाहुण्यांना पोचवायचंय म्हणून तो निघून गेला. पंगतीच्या वेळी मीच सांगितलं. कमिटीचे अध्यक्ष वाढता वाढता म्हणाले, "मेव्हणा तुमचाच ना?" पुन्हा हशा झाला. साऊंडवाल्याच्या नऊ हजारांतले चार हजार कापले ते कापलेच, आणि पुढच्या वर्षीचं काम जिंतूरच्या माणसाला दिलं.

बायको म्हणाली, भाऊ चुकला, पण अहवालात तरी खरं लिहील. मार्चमध्ये अहवाल आला. माईकला कुठलाही अडथळा झाला नाही, असं त्यात होतं, आणि खाली घरमालकाने खात्री करून घेतल्याचं लिहिलं होतं. घरमालक म्हणजे मी. बायकोने तो दोनदा वाचला आणि भावाला फोन करणं सोडलं.

मी साऊंडवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "पैशाचं जाऊ द्या भाऊ. लोक मला भंगारवाला म्हणायलेत, त्याचं काय करू?" कमिटीने काही दिलं नाही, मेव्हण्यानेही नाही. मी माझ्या पगारातून चार हजार रुपये काढले. तो हात पुढे करीना, म्हणून ते त्याच्या आईकडे दिले.