पोटात कमी, छातीत जास्त

नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हा आमची मुलगी पाच वर्षांची होती. नागपुरात तिला कुणी दमा सांगितला होता, कुणी बाळदमा. सहा महिने टीबीची औषधंही झाली होती. ती माझ्या बरोबरीने जेवायची आणि हातपाय मात्र काड्यांसारखेच राहायचे. तिची पापी घेतली की ओठांना मीठ लागायचं. उन्हात खेळून आलीय, असं मला वाटायचं. मी शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, तरी त्यापलीकडे काही सुचलं नाही. हे मी अजून कुणाशी बोललेले नाही.

बालीगंजला घर लागल्यावर तिच्या खोकल्यासाठी जवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, बोटांची फुगीर टोकं न्याहाळली आणि हिंदीत विचारलं, "हिची शी तेलकट असते का?"

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. मी मानेनेच हो म्हटलं. मग घामातल्या मिठाची तपासणी झाली आणि आजाराचं नाव कळलं, सिस्टिक फायब्रोसिस.

प्रथिनं पचवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, तिच्या आतड्यात पोचतच नव्हती. चिकट स्रावाने त्यांची वाट बंद केली होती. ती विकरं आता प्रत्येक जेवणाआधी कॅप्सूलमधून द्यायची होती. तीन महिन्यांत तिला गाल आले. सकाळ-संध्याकाळ वाफ द्यायची, मग पालथं निजवून, हाताची ओंजळ करून पाठीवर थोपटायचं, म्हणजे छातीतला कफ सुटतो. थोपटताना ती शाळेतल्या बंगाली कविता म्हणायची. शब्द हादरत बाहेर यायचे आणि तिलाच हसू फुटायचं.

ती वर्षं बरी गेली. ती बंगाली अस्खलित बोलायला लागली आणि तिचं मराठी आमच्यापुरतं, मोडकंतोडकं राहिलं. मी सारखी सुधारत असे. परगावात मराठी टिकवायचं तर घरातच टिकवायला हवं, असं माझं म्हणणं होतं.

चौदाव्या वर्षी कफ हिरवा यायला लागला तो थांबेना. दर थोड्या महिन्यांनी इस्पितळ, पंधरा-पंधरा दिवस शिरेतून औषधं. एकदा एक्स-रे बघून ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "जंतू तर कमी झाले ना? मग फुप्फुस खराब का होतंय?"

डॉक्टरीणबाई तिच्या पलंगावर बसल्या. बंगालीत लेकीला हाक मारतात तशा म्हणाल्या, "मा, जंतूंना मारायला तुझ्या पांढऱ्या पेशी छातीत जमतात. त्यांच्याजवळ प्रथिनं तोडणारी विकरं असतात. त्या पेशी तिथेच मरतात, फुटतात आणि सगळी विकरं बाहेर सांडतात. त्यांना आवरणारी प्रथिनंही शरीरात असतात, पण तुझ्या छातीत ती पुरी पडत नाहीत. मग ती विकरं फुप्फुसालाच तोडत बसतात. ज्या धाग्यांमुळे फुप्फुस ताणतं आणि परत येतं, ते धागेसुद्धा."

"म्हणजे जे मी जेवताना गिळते, तेच?"

"त्याच जातीचं. पोटात कमी, छातीत जास्त."

त्या गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. मग मला म्हणाली, "आई, म्हणजे माझा शरीर मला खातो."

मी म्हणाले, "माझं शरीर. खातं."

सवयीने. तोंडातून निघून गेलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि शहाण्या मुलीसारखं पुन्हा म्हणाली, "माझं शरीर मला खातं."

मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी पाण्याची बाटली भरायला उठले.

परदेशात नव्या गोळ्या निघाल्या होत्या, पण तिच्या जनुकातला दोष त्यांना दाद देणाऱ्यांतला नव्हता. सतरावं लागल्यावर तिला ऑक्सिजन लागला. दुर्गापूजेच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात, दुपारी, तिचा बाबा तिला बंगाली वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या प्रयत्नात अडखळत होता. ती त्याचे उच्चार सुधारत होती. मग सुधारेनाशी झाली. त्याला वाटलं, झोप लागली.

दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंचा फोन आला. हावड्यात एका चार वर्षांच्या मुलीला हाच आजार निघाला होता, तिची आई घाबरून गेली होती. "तुम्ही तिला पाठीवर थोपटायला शिकवाल? नाही म्हणालात तरी मी समजेन."

मी फेरीबोटीने नदी ओलांडून गेले. त्या आईचा नवरा लेथवर काम करायचा, घर एका खोलीचं होतं. मुलगी माझ्याजवळ आली आणि सरळ मांडीवर पालथी पडली, जणू खेळच आहे. मी तिच्या आईचा हात धरून ओंजळ कशी करायची ते दाखवलं. तिला पटकन जमलं.

चहा देताना ती म्हणाली, "दीदी, तुमच्या मुलीलाही हेच आहे ना? किती मोठी आहे?"

"सतरा," मी म्हणाले.

"आता काय करते?"

"कॉलेजला जायचंय तिला."

तिचा चेहरा असा उजळला की मला पुढे बोलता येईना. तिने मुलीला उचलून घेतलं आणि म्हणाली, "ऐकलंस? दीदीची मुलगी कॉलेजला जाणार!"

आठवड्याने तिचा फोन आला. दवाखान्यात कुणीतरी तिला खरं सांगितलं होतं. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "शेवटी खूप त्रास झाला का?"

"नाही," मी म्हणाले. ते खोटं होतं की खरं, मला स्वतःलाच माहीत नाही.

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने फोन केला नाही. मीही केला नाही.