मावशीच्या कोंबडीचं औषध

आईच्या दहा कोंबड्यांतली एक तिची नव्हती. ती मावशीची, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीची; आई तिला अक्का म्हणते. आमच्याकडे बाया निम्म्या वाट्यानं कोंबडी देतात: एकीची कोंबडी, दुसरीनं पाळायची, पिलं निघाली की दोघींना अर्धी-अर्धी. मावशीनं ती पारोळ्याहून दिली तेव्हा दोघींचं बरं होतं. पुढे माझ्या भावाच्या लग्नात मावशीला साडी हलकी नेसवली म्हणे, आणि बोलणं बंद झालं. कोंबडी मात्र सोनगीरला, आमच्या अंगणातच राहिली.

गेल्या वर्षी कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या. तुरे फिके पडलेले, छातीचं हाड हाताला लागणारं, विष्ठेत पांढरे जंत. मी धुळ्याला नोकरीला. शनिवारी घरी येताना जनावरांच्या दवाखान्यातून औषध घेतलं. तिथल्या माणसानं बजावलं, सगळ्यांना एकाच दिवशी पाजा, एक जरी सुटली तरी तिच्या विष्ठेतून बाकीच्यांना परत होणार.

रविवारी सकाळी आईनं एकेक कोंबडी काखेत धरली आणि मी चोच उघडून थेंब सोडले. नऊ झाल्या. दहावीला मी हात लावणार तोच आईनं तिला टोपल्याखाली कोंडलं.

"ती अक्कानी शे. तिले नको."

"अगं, मग बाकीच्यांना पाजून उपयोग काय?"

"मरनी त मी अक्काले काय तोंड दाखाडू?"

"मग फोन करून विचार तिला."

आई उठून भाकरी टाकायला गेली. फोन ती काही करणार नव्हती. माझं डोकंच फिरलं. एका साडीपायी दहा जिवांचे हाल, आणि वर ह्यांचा मान! आई दळण घेऊन गिरणीवर गेली तसं मी टोपलं उचललं आणि मावशीच्या कोंबडीला पाजून मोकळी झाले. सगळ्यांत वाळलेली तीच होती, तरी थेंब मोजले नाहीत, घाईत अंदाजानं सोडले. बरी होईल, आईला कळणारही नाही, असं मी धरून चालले.

मंगळवारी धुळ्याला आईचा फोन आला. मावशीची कोंबडी मेली होती. दवाखान्यात विचारलं तर तो माणूस सहज म्हणाला, पोटात फार जंत असले की औषधानं ते एकदम मरतात आणि आतडं तुंबतं, अशा कोंबडीला जपून द्यावं लागतं.

आईचं मात्र पक्कं झालं होतं. बाकीच्या तरल्या, हिला औषध मिळालं नाही म्हणून ही गेली. पुढच्या रविवारी तिनं आपली सगळ्यांत चांगली, अंड्यावर आलेली कोंबडी पिशवीत घातली आणि मला घेऊन पारोळ्याची एसटी धरली.

मावशीच्या ओट्यावर आई उभ्याउभ्याच बोलली. पोरगी पाजत होती, मीच अडवलं, माझ्यामुळे तुझी कोंबडी गेली, आता ही ठेव. मावशीनं पिशवीकडे बघितलंही नाही.

"मन्ही शे म्हनीसन नई पाजं ना?"

तिची म्हणून वगळली, हा ठपका आईनं मान खाली घालून घेतला. मी तिच्या शेजारीच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं, पण माझी जीभ उचलली नाही. त्याची लाज मला अजून वाटते. मावशीनं मला जवळ घेतलं, पोरगी तेवढी गुणाची आहे म्हणाली, डोक्यावरून हात फिरवला. आईसमोर मी तो फिरवू दिला.