वैशालीची गाडी स्लोला का थांबेना

सांगते, पण मधे कुणी हसायचं नाही. माझा राग अजून उतरलेला नाही आणि तो कुणावर काढावा हेही कळत नाही, म्हणून तर तुम्हाला चहाला बसवलंय.

शेजारची वैशाली. नवरा इचलकरंजीत मागावर, पाळी असेल तसा घरी. ही पहाटे उठून स्वयंपाक रांधते आणि स्कूटरवरून डबे पोचवते. राजारामपुरीतलं पोरींचं होस्टेल हे मोठं गिऱ्हाईक, बाकी किरकोळ. ती स्कूटर चालली तर घर चालतं.

दसरा झाला आणि ती स्कूटरच रुसली. मूठ पिळून धरली की भडाभडा चालायची, मूठ सोडली की गप्प. मेस्त्री लोक म्हणतात, गाडी स्लोला थांबत नाही. आता डब्याची गाडी म्हणजे प्रत्येक दारात थांबणार, प्रत्येक सिग्नलला थांबणार. तिथं ही बंद. मग किक, मग काळा धूर, मग मागच्यांचे हॉर्न. दसरा चौकात भर गर्दीत बंद पडली, मागून रिक्षा टेकली आणि सगळी आमटी रस्त्यावर. होस्टेलच्या बाईंनी सांगून टाकलं, पोरी उपाशी कॉलेजला जातात, आता एकदा जरी उशीर झाला तर डबे दुसरीकडं लावू.

आणि माझं काय? ती गाडी गरम करायची ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली! चहाला रोज पेट्रोलचा वास. मग मी गप्प बसेन का?

आमचे हे उद्यमनगरात लेथवर आहेत. उभा जन्म लोखंडात गेला. तेव्हा इंजिनातलं मलाही कळतं, असं माझं मत आहे. ह्यांचं मत वेगळं आहे, पण त्यांना विचारतंय कोण?

वैशालीला घेऊन गेले कोपऱ्यावरच्या बाळू मेस्त्रीकडे. तिनं तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं की कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. त्यानं तो उघडून साफ केला. गाडी तशीच. मग मी म्हटलं, प्लग. त्यानं प्लग बदलला. तशीच. मग स्लोचा स्क्रू फिरवायला लावला, उलटा फिरवायला लावला, परत सुलटा. बाळू घामाघूम.

"काकी, जरा हवा बघू द्या की मला."

"हवा कालच भरलीय. दोन्ही चाकांत."

त्यानं एकदा चाकांकडं बघितलं आणि तो परत स्क्रू फिरवायला लागला. मी म्हटलं, बघा, ह्याला काही येत नाही.

हे मी फक्त गिरणीत बोलले. बरं, दुधाच्या कट्ट्यावरही बोलले. पण एवढंच, की बाळूनं चांगला प्लग काढून जुना घातला असेल. संध्याकाळी तीच बातमी फिरून माझ्याच दारात आली, तेव्हा बाळू लोकांची इंजिनं काढून गडहिंग्लजला नेऊन विकत होता. मी फक्त प्लग म्हटलं होतं हो!

दुसऱ्या दिवशी बाळू हत्यारांची पिशवी घेऊन आमच्या दारात उभा. गिऱ्हाइकं गाड्या परत न्यायला लागली होती. डोळे लालभडक.

"काकी, माझं नाव घालवलंसा. आता ही गाडी हितंच उघडतो, गल्लीसमोर. कुणाची चूक हाय ती बघू दे सगळ्यास्नी."

"उघड की. मी काय भितीय व्हय?" माझंही डोकं फिरलेलं. "आन् ज्याची चूक निघंल त्यानं दिवाळीच्या पाडव्यापतोर वैशालीचं डबं पोचवायचं. खंडेनवमीला हिला स्वयंपाकातनं उसंत न्हवती, तवा ह्या गाडीची पूजा मी माझ्या हातानं केलीय. देवाकडनं कसूर न्हाय. जी हाय ती तुझ्याकडनं."

वैशाली म्हणत होती, काकी ऱ्हाऊ द्या. ह्यांनी तर आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला.

बाळूनं बाजूचा पत्रा काढला. आत एक काळा डबा, त्याला वर गोल तोंड. बाळूनं त्यात बोट घातलं, थांबला, पिशवीतली पक्कड घेतली आणि ओढलं.

झेंडूचं फूल निघालं. वाळलेलं. त्याच्यामागं दुसरं. मग डबा उपडा केला तशा अक्षता पडल्या, हळदीकुंकू लागलेल्या.

गल्ली पुढं सरकून डब्यात डोकावली. आत आमचा टीव्ही बंद झाला.

आता मी गल्लीला जे सांगितलं तेच तुम्हीही ऐका. खंडेनवमीला कारखान्यात फूल मशीनच्या पत्र्यावर ठेवत नाहीत, मोटरीवर ठेवतात. मीही गाडीच्या पोटात पूजा केली. पण फूल इंजिनावर ठरेना, सारखं घसरायचं. पूजेतलं फूल पडलेलं चांगलं का? शेजारी हे गोल तोंड, जणू फुलासाठीच केलेलं. एक फूल सैल बसलं म्हणून दुसरं दाबलं. अंगठ्यानं. गाडी तिथनं हवा ओढते, श्वास घेते, हे मला कुणी सांगितलं होतं?

बाळूनं ते फूल माझ्या तळहातावर ठेवलं.

"घ्या काकी. फूल काय पडलं न्हाय बघा."

वैशालीनं किक मारली, मूठ सोडली. गाडी उभ्या जागी धुपधुप करत राहिली, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता ही म्हणेल, जाऊ द्या काकी, चुकतंय माणसाचं.

ती डोळे पुसत म्हणाली, "काकी, उद्या लवकर आवरा. डबं वेळेत निघाय पायजेत."

मग काय! पाडव्यापर्यंत मांडीवर डबे घेऊन तिच्या मागं बसले. दसरा चौकाच्या सिग्नलला गाडी कशी शांत उभी राहायची, आणि माझं डोकं तेवढं तापायचं. होस्टेल मात्र टिकलं, हे कबूल. गिरणीत जाऊन बाळूचं नाव धुऊनही आले.

पण खरा राग पुढचा आहे. पाडव्याला समोरच्या पाटलांनी नवी स्कूटर आणली. नारळ, हार, पेढे, सगळी गल्ली गोळा. मी पदर खोचून निघाले, तर पाटलांची सून ह्यांच्या कानाला लागली, "काका, पूजा हुईस्तोवर काकीस्नी जरा आत ठेवा की."

लग्न झाल्यापासून ह्यांनी कुणाचं काही ऐकलेलं नाही. तिचं ऐकलं. बाहेरून कडी घातली.

मी खिडकीतून बघत होते. त्यांनी फूल नुसतं हँडलवर ठेवलं. पडलं की लगेच! मला राहवलं नाही. मी ओरडले, "आगं, दाबून बसव की ते!"

तशी सगळी गल्ली नव्या गाडीला आडवी उभी राहिली.