डार्नलीच्या नावाचा परवाना

व्हर्नेटा डार्नलीच्या रमच्या दुकानात आली ती मासळीची भजी तळायला, आणि पुढे तिथलीच झाली. लग्न तेवढं राहून गेलं. दरवर्षी ठरायचं, आणि दरवर्षी छप्पर गळायचं नाहीतर फ्रिज मोडायचा. बार्बाडोसच्या आमच्या उत्तर टोकाला अशा जोडप्यांना कोणी नावं ठेवत नाही. ठेवायची फक्त डार्नलीची बहीण एल्मिना. चर्चमधून घरी जाताना ती हटकून दुकानापाशी थांबायची.

"ए बाई, तुझ्या गावाकडे मीठ महाग आहे का गं? अळणी खाऊन खाऊन वाळला माझा भाऊ!"

व्हर्नेटाही मूग गिळून बसणारी नव्हती. "तुम्हीच रांधत जा ना मग, एल्मिनाताई! सोसेल त्याला!"

डार्नली गेला आणि दारूविक्रीचा परवानाही त्याच्याबरोबर गेला, कारण तो त्याच्या एकट्याच्या नावावर. वकीलबाईंनी कायदा समजावला. लग्न नसलं तरी बरीच वर्षं नवरा-बायकोसारखा संसार केला असेल, तर बाईला वारसाहक्क मिळतो. मग परवानाही तिच्या नावावर करून घेता येतो. पण तसं त्याच्या कुटुंबातल्या कोणीतरी शपथेवर सांगायला हवं.

"आणि नाही सांगितलं तर दुकान कुणाचं?"

"बहिणीचं."

डार्नलीच्या नात्यातलं एल्मिनाशिवाय कोणी उरलंच नव्हतं. तिच्यापुढे पदर पसरण्यापेक्षा समुद्र जवळ केलेला बरा, असं म्हणत व्हर्नेटानं वकीलबाईंनाच फोन करायला लावला.

एल्मिना वकीलबाईंच्या ऑफिसात आली ती चर्चची ठेवणीतली हॅट घालून. बायबलवर हात ठेवून ताठ बसली.

"ही दोघं नवरा-बायकोसारखी राहत होती, हे तुम्हाला कशावरून ठाऊक?" वकीलबाईंनी विचारलं.

"कशावरून म्हणजे? इतकी वर्षं भांडतेय मी हिच्याशी! परक्या बाईशी कोण एवढं भांडतं?"

"हे लिहिलं तर दुकान तुमच्या हातचं जाईल बरं."

"लिही गं पोरी. दुकान मी घेतलं तर ही जाईल आपल्या गावी निघून." एल्मिनानं बायबलवरचा हात उचलून व्हर्नेटाकडे दाखवलं. "भावाचं म्हणून आता एवढंच माणूस राहिलंय मला."

डार्नलीच्या मातीलाही कोरडी राहिलेली व्हर्नेटा तिथे, त्या ऑफिसात, नणंदेच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली.

"अगं, हॅट! हॅट चेपेल माझी!" एल्मिना ओरडली, आणि तिनं भावजयीला आणखीच घट्ट धरलं.